जीपचे नवे ब्रेक

"लाथ नको मारू, दादा. जीप हाय ती, बैल नाय!"

तेजस हे मुद्दाम मोठ्यानं बोलला. होडी रंगवायला वर ओढायची होती, त्यामुळे सारसोळ्याच्या जेट्टीवर सकाळीच माणसं जमली होती. सगळी खो खो हसली. फक्त स्टिअरिंगवर बसलेला त्याचा थोरला भाऊ नामा हसला नाही.

नामानं नेहमीसारखाच ब्रेक मारला होता. पण जीप जागच्या जागी अशी गचकन थांबली की त्याचं कपाळ काचेपर्यंत गेलं. या जीपचा ब्रेक त्याला आपल्या पायाइतका ठाऊक होता. पेडल अर्धं आत जाईपर्यंत काही लागायचंच नाही. दोनदा-तीनदा पंप मारायचा, मग सीटवरून उठून सगळं वजन टाकायचं, तेव्हा कुठं बाईसाहेब थांबायच्या. गेल्या रविवारी वजन टाकूनही थांबल्या नाहीत. होडी ओढता ओढता जीप मागं घरंगळली आणि होडीचं तोंड फुटलं. तेव्हाही तेजस सगळ्यांसमोर म्हणाला होता, "ब्रेक कसला गेलाय? दादाचा पाय गेलाय."

आणि दुसऱ्याच दिवशी, न विचारता, जीप घेऊन हा पठ्ठ्या दिघ्याला मुस्तफाच्या गॅरेजात. पुढे डिस्क बसवल्या, बूस्टर बसवला, ब्रेकचे सगळे पाइप नवे टाकले. आता पेडल वरच लागत होतं, टणक, आणि पाय टेकवला की गाडी थांबत होती.

"कोनाला इचारून केलंस?" नामानं विचारलं.

"ब्रेक करायला इचारायचं? कोन मेल्यावर इचारलं असतं का?"

"बापाची गाडी हाय ही."

"बापाची हाय म्हनून तर केले. तुजी असती तर खाडीत ढकलली असती."

पुन्हा हशा. नामाच्या कानशिलाची शीर उडायला लागली. भावावरचा त्याचा राग आजचा नव्हता, पण ज्यांच्या होड्या त्यानं आजवर चिखलातून ओढून दिल्या ती माणसं दात काढत होती, ते त्याला सहन होईना.

"असले नाजूक ब्रेक उतारावर चालनार नाय," तो म्हणाला. "चाक ओलं झालं की गेली गाडी खाडीत."

"नाय चालनार?" तेजसनं पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली. "मग मी खाली उभा राहतो. तू वरनं ये. बघू कोन जातंय खाडीत."

"भावोजी, हा काय खुळेपना?" नामाची बायको संध्या मध्ये पडली.

"वहिनी, तुमी बाजूला व्हा. आज याला दाखवायचंच हाय."

 नामानं जीप मागं घेतली, पार उताराच्या वरच्या टोकापर्यंत. संध्या बाजूनं वर धावली, मागच्या फळीवर हात आपटत राहिली. "अहो, उतरा! ऐकताय का? तो येडा झालाय, तुमी तरी शाने व्हा!" नामानं मान वळवली नाही.

खाली शेवाळ सुरू होतं तिथं तेजस कमरेवर हात ठेवून उभा राहिला. मागं ओहोटीचा चिखल.

"ये ना, दादा! का पाय कापतोय?"

जीप सुटली.

संध्या मागंच राहिली होती. तिची नजर जीपच्या मागच्या दोन लाल दिव्यांवर होती. ब्रेकवर पाय पडला की ते लागतात, पोरासोरांनाही कळतं. ते लागले नव्हते. जीप अर्धा उतार उतरली, दिवे काळेच. इंजिनाचा आवाज चढतच होता. नामाचं डोकं ताठ, समोर, तेजसच्या दिशेनं. गर्दीतल्या म्हाताऱ्या सुमित्राबाईनं डोळ्यांवर पदर ओढला. 

तेजसचं हसू गेलं. पळावं तर मागं शेवाळ, आणि बाजूला व्हावं तर सगळं गाव बघतंय. तो तसाच उभा राहिला.

मग दिवे लागले.

टायर एकदाच किंचाळले आणि जीप थांबली. बंपर तेजसच्या गुडघ्यांना टेकला होता. जुने ब्रेक असते तर दोघंही चिखलात गेले असते, एक जीपच्या खाली आणि एक वर.

 मग शिट्ट्या, टाळ्या, नुसता कल्ला. तेजसनं बॉनेटवर दोन्ही हात आपटले. "बघितलं? बघितलं काय ब्रेक हायत? एका पायात!"

नामा खाली उतरला. "चांगले हायत," एवढंच म्हणाला आणि दोर सोडवायला लागला.

"चला, मिटलं बाबा एकदाचं," सुमित्राबाई म्हणाली. "घ्या आता होडी वर."

माणसं होडीकडे वळली. संध्या उतार उतरून आली. नवऱ्याकडे तिनं पाहिलं, तर त्यानं पाठ फिरवली. मग ती तेजसजवळ गेली. तो अजून हसत होता, पण बॉनेटवरचे हात काढत नव्हता.

"पाहिलंत ना, वहिनी?"

"पाहिलं," संध्या म्हणाली. नामाला ऐकू जाईल इतक्या आवाजात. "ब्रेक चांगले हायत, भावोजी. पन ह्यांच्या गाडीसमोर परत कधी उभे राहू नका."