चौकटीबाहेरचा हरभरा

बंडीचे बैल खुशालरावाचे होते. देवमनने ते लांबूनच ओळखले आणि हातातला विळा न ठेवताच तो तिकडे निघाला. खुशालरावाची बंडी या माळावर विनाकारण येत नसे.

बंडीच्या आडोशाला शहरी कपड्यांतला एक माणूस तिपाईवर कॅमेरा लावून त्यात वाकून बघत होता. पलीकडे पन्नासेक पावलांवर काळविटांचा कळप चरत होता.

"कोन तुमी?"

"हळू बोला, हरणं पळतील," तो माणूस म्हणाला. "मी उत्तमराव. अकोल्याला जठारपेठेत माझा फोटो स्टुडिओ आहे. अमरावतीच्या प्रदर्शनाला काळविटांचा फोटो पाठवायचाय."

"बैल कोनं देल्ले?"

"खुशालरावांनी. भला माणूस. काही घेतलं नाही. म्हणाले, फोटोची एक प्रत तेवढी सोमवारच्या आत पोचवा."

सोमवारी तहसिलीत देवमनची पेशी, म्हणजे सुनावणी, होती. माळ सरकारी होता. त्यातले तीन एकर त्याने आणि त्याची बायको चतुराबाई हिने सहा वर्षं दगड वेचून पेरणीलायक केले होते. पेरतो याचा पुरावा दिला की जमीन नावावर होणार होती. पण खुशालरावाने अर्ज ठोकला होता : इथे कोणी पेरत नाही, नुसती हरणं चरतात, माळ गावच्या गुरांना राहू द्या. गावच्या गुरांत चाळीस एकट्या खुशालरावाची होती.

"मले पाहू द्या."

उत्तमराव खूश झाला. छंदी माणसाला कोणी पाहू द्या म्हटलं की होतं तसं. "वरून काचेत बघा. डावं उजवीकडे दिसेल."

देवमन वाकला. काचेत हरणं होती, पिवळं गवत होतं, मोठं थोरलं आभाळ होतं. त्याचा हिरवागार हरभरा कुठेच नव्हता. शेतातली झोपडी नव्हती.

"माहं वावर कुठी गेलं?"

"ते बाहेर सोडलं. मुद्दाम. शेत आलं की रानाची मजा जाते. अकरा फोटो असेच घेतलेत, आता एक उरलाय."

"हे खुशालरावानं शिकवलं?"

"मला कोण शिकवणार? वीस वर्षं हेच करतोय."

खरं बोलत असेलही. पण खोटं बोलणारेही असंच डोळ्यांत बघून बोलतात, हे देवमनला पुरतं ठाऊक होतं. त्याने विळा खाली ठेवला, दोन्ही हातांनी तिपाई धरली आणि कॅमेरा हरभऱ्याकडे वळवला.

"अहो, हात नका लावू."

"ह्या एका फोटोत आमी दिसलो पाह्यजे. त्या अकराचं तुमचं तुमी पाहा." मग धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या असलेल्या बायकोला तो म्हणाला, "अवं, वावरात जाऊन उभी राय."

चतुराबाईने सगळं ऐकलं होतं. ती काही न विचारता चालत गेली आणि हरभऱ्याच्या मधोमध उभी राहिली.

"आता पळणार सगळी," उत्तमराव वैतागून म्हणाला.

कळप पळाला नाही. काळ्या नराने मान वर केली. रोज ढेकळं मारणारी बाई आज हात खाली सोडून उभी आहे, हे त्याने जरा वेळ पाहून घेतलं आणि तो हरभऱ्यात शिरला. मागून पाच-सहा माद्या आल्या. चतुराबाईच्या डोळ्यांदेखत त्या घाटे खुडू लागल्या. ती हलली नाही. कॅमेऱ्याकडे पाहत राहिली.

उत्तमराव काचेवर वाकला. माणसाच्या इतक्या जवळ काळवीट त्याने वीस वर्षांत पाहिलं नव्हतं. खट् आवाज झाला.

"झालं काय?" चतुराबाईने विचारलं.

"झालं."

ती खाली वाकली. तिने मोठं ढेकूळ उचलून नरावर भिरकावलं. कळप उड्या मारत माळापार गेला. मग ती खाली बसून मोडलेली झाडं पाहू लागली.

उत्तमरावाने रीळ गुंडाळलं. "तुम्हालाही एक प्रत पोस्टाने पाठवतो."

"गावाचं पोस्ट खुशालरावाच्या ओसरीत येते." देवमनने कॅमेऱ्याची पेटी उचलून स्वतःच्या खांद्याला अडकवली. "चाला. अकोल्याले मीबी येतो."

"येऊन काय करणार? फोटो अंधाऱ्या खोलीत धुवावा लागतो. तिथे दुसऱ्याला घेता येत नाही."

"मी दारात बसतो," देवमन म्हणाला. चार पावलं चालून तो थांबला. "त्या खोलीले दुसरं दार तं नाई ना?"