काळे-पांढरे चौकोन

धाकटी आली होती ती ताईचं सोंग उघडं पाडायला. ताईच्या अर्धशिशीच्या तपासणीत तुलनेसाठी घरातलंच एक न दुखणारं डोकं हवं, असा दवाखान्यातून निरोप आला, तेव्हा ती म्हणाली होती, "बरं झालं, आता मशीनच सांगेल." तीन वर्षं दोघींचं बोलणं नव्हतं. आई गेली त्या सकाळी ताई डोकं दुखतंय म्हणून अंधाऱ्या खोलीत पडून राहिली, शेवटचं तोंड पाहायलाही आली नाही. हे विसरायला धाकटी काय देव होती?

आधी तिचीच पाळी. मशीनवरच्या बाईंनी डोक्याला लेप लावून वायरी चिकटवल्या, दिवा घालवला. पडद्यावर काळे-पांढरे चौकोन भराभर जागा बदलू लागले. आधी डोळे दिपले, मग कंटाळा आला, शेवटी तर चक्क जांभई.

मग ताई बसली. दुसऱ्याच मिनिटाला तिने खुर्चीचा हात गच्च धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"थांबवू का?" बाईंनी विचारलं.

"नको. होऊ दे पुरं. हिला बघू दे."

तपासणी संपल्यावर त्या अंधारातच बाईंनी दोघींचे आलेख पडद्यावर शेजारी-शेजारी आणले. धाकटीला म्हणाल्या, "ह्या तुमच्या लाटा. बघा, कशा बसत गेल्या. तेच ते आहे म्हटल्यावर मेंदूने नाद सोडला. आणि ह्या ताईंच्या. शेवटची पहिलीपेक्षा उंच."

"म्हणजे?"

"त्यांच्या मेंदूला सवयच होत नाही हो. दर वेळी नव्याने आदळतं. दुखत असताना एकदम उजेड पडला, तर माणूस उभ्याचा खाली बसेल."

धाकटीला आई गेली ती सकाळ आठवली. त्या सकाळी ताईच्या खोलीत जाऊन ट्यूबलाइट तिनेच लावली होती. "पुरे झालं नाटक!" ताई तेव्हा पडलेली नव्हती. भिंत धरून उभी होती, दाराकडेच निघालेली. उजेड झाला आणि ती मटकन खाली बसली. काय पण वेळ साधली, असं वाटलं होतं धाकटीला.

बाई दिवा लावायला उठल्या. धाकटीने धावत जाऊन बटणावर हात आडवा धरला.

"नका ना लावू! तिला सोसत नाही."

"लावू दे गं," मागून ताई म्हणाली. "आता कुठे कुणाचं तोंड पाहायला जायचंय मला."