दुसरा डोस

सबिहानं लशीची पेटी उघडून पाऊण तास झाला होता. पुढं कुणीच येत नव्हतं. ऊसतोडीच्या तळावरची माणसं आपापल्या कोपीच्या दारात उभी राहून नुसती बघत होती.

पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, लशीचा पहिला डोस दोन आठवड्यांपूर्वी तिनंच इथं पाजला होता. तेव्हा भली मोठी रांग लागली होती. श्रीपूरच्या अलीकडं दुसऱ्या एका तळावर कालव्याचं पाणी पिऊन दोघं दगावले होते, त्यामुळं सगळेच धास्तावलेले. पण परवा याच तळावरच्या ईरप्पाची महादेवी गेली. सहा वर्षांची पोर. सकाळी जुलाब सुरू झाले, दवाखान्यात पोचेपर्यंत डोळे खोल गेले होते. तेव्हापासून तळावर एकच बोलणं चाललं होतं.

"औषध पिऊन पोरगी गेली, बाई," मुकादम गुरुबसप्पा म्हणाला. "आता आमी कुनाला पुढं करायचं?"

एका डोसानं प्रत्येकाचा बचाव होतोच असं नाही, हे सबिहाला नर्स म्हणून ठाऊक होतं. पण ते ज्याची पोर गेली त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं? दोन दिवस तिलाही अन्न गोड लागत नव्हतं. शेवटी ती उठली आणि ईरप्पाच्या कोपीपाशी गेली. तो दारात बसला होता. शेजारी त्याची बायको बसव्वा, मांडीवर अडीच वर्षांचा धाकटा.

"दादा, महादेवीच्या तोंडात औषध मीच घातलं होतं," सबिहा म्हणाली. "ते कमी पडलं असेल. माझं काही चुकलं असेल तर मला माफ करा."



"तुमचं काय बी चुकलं न्हाय," ईरप्पा खाली मान घालून म्हणाला. "तिनं ते गिळलंच न्हाय. औषधानं पोरं आजारी पडत्यात असं कुनीतरी म्हनलं. गिळू नगंस, तोंडात धर, असं मीच तिला सांगितलं. मग कोपीमागं नेऊन थुकाया लावलं."

मागं येऊन उभा राहिलेला गुरुबसप्पा खाली बघू लागला.

बसव्वा हे पहिल्यांदाच ऐकत होती. धाकट्याला उचलून ती सरळ लशीच्या पेटीपाशी गेली; सबिहाही मागोमाग आली.

"याला मागचा डोस मिळाला होता ना?" सबिहानं विचारलं.

"ते त्याच्या बापाला इचारा," बसव्वा म्हणाली.

तिनं स्वतःच्या बोटांनी पोराचं तोंड उघडलं आणि औषध घशाखाली उतरेपर्यंत त्याची हनुवटी सोडली नाही.