बंद इंजिनाचं वळण

शर्यतीच्या बोटीचा वेग चढला आणि धाकटीच्या हातातलं स्टिअरिंग सैल पडून नुसतंच गरगरू लागलं. समोर बंदराची दगडी भिंत होती.

"स्टिअरिंगच्या तेलातली हवा काढली आणि पाइप आवळायचा राहिला!" मागून मेकॅनिक भाऊ ओरडला. "दोरी ओढ!"

तिने मनगटाला बांधलेली इंजिनाची दोरी ओढली. इंजिन बंद पडलं, पण वेग ओसरेना. भिंत अंगावर आली, आणि बोट झोकात वळली.

वाचलो म्हणून दोघं पोट धरधरून हसले.

"शाबास दादा! मागचं इंजिन हाताने फिरवून बोट वळवलीस ना?"

"छे गं, मी तर डोळे गच्च मिटले होते!"

तिने आनंदाने स्टिअरिंग सोडून दोन्ही हात उंचावले. बंद इंजिन नाकासमोर सरळ होतं, बोट शर्यतीच्या पुढच्या तरंगत्या बोयाला सुरेख वळसा घालत होती, आणि वेग वाढत चालला होता.