एका हाताला समुद्र

भाऊजी नव्या बायकोला सहलीचा बेत सांगत होते. "एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला तळं, आणि मध्ये आपला तंबू!"

"मला पोहता येत नाही हो," ती हळूच म्हणाली.

भाऊजींनी तिचं मनगट करकचून आवळलं. "मी आहे ना? की माझ्यावर विश्वास नाही?"

बोटांचे वळ उमटले. तिने हात टेबलाखाली लपवला.

माझ्या ताईलाही त्यांनी तिथेच नेलं होतं. ती तळ्यात सापडली. "मी समुद्रावर मासे धरत होतो, ती एकटीच तळ्याकडे गेली," असं ते ऊर बडवून सांगत होते.

"काय मेव्हणीबाई, प्रयोगशाळेत सध्या काय चाललंय?" भाऊजींनी हसून विचारलं.

"बुडालेली माणसं. बुडताना पाण्यातलं सूक्ष्म शेवाळ श्वासाबरोबर आत जातं, रक्तातून थेट हाडांत पोचतं. समुद्राचं वेगळं असतं, तळ्याचं वेगळं. शवविच्छेदनात राखून ठेवलेलं ताईचं हाड आम्ही आज तपासलं."

भाऊजींचं हसू मावळलं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"पोलीस असतील," मी म्हणाले.



"ताईच्या हाडांत समुद्र सापडला, भाऊजी."