गणपतीच्या पाटाला भोक

बाळा दारातच थिजला. चपला पायातच, पट्टी बांधलेला अंगठा छातीशी धरलेला, आणि समोर त्याचा बाप धाकू गणपतीचा पाट कापत बसलेला.

पाटाच्या मध्यभागी बशीएवढं भोक पडत आलं होतं. धाकूने बारीक करवतीचे शेवटचे दोन-चार हात मारले आणि लाकडाची गोल चकती टप्पकन लादीवर पडली.

"बाबा!" बाळाच्या तोंडून एवढंच निघालं.

मागून त्याची बायको शेवंती आत आली. तिच्या हातातली औषधांची पिशवीच गळाली. "अगं आई गं! बाबानू, पाट?"

अहो, कुणाचीही वाचा बसली असती. हा पाट म्हणजे काय साधासुधा पाट? फणसाचा, चांगला जाड, धाकूच्या आज्याने केलेला. वर्षभर माळ्यावर लाल फडक्यात गुंडाळून ठेवायचा. त्याला चुकून कुणाचा पाय लागला तर धाकू कान धरायला लावायचा, मग तो पाहुणा का असेना. त्यावर मूर्ती बसायची ती दीड फुटाचीच. घरचा गणपती वाढवला नाही तरी चालेल, पण बोटभरही कमी करायचा नाही, हा धाकूचा कायदा. गिरणीचा संप झाला, पेजेला महाग झाले, तेव्हासुद्धा दहिसरच्या या खोलीत मूर्ती आली ती दीड फुटाचीच.

आठवडाभर घरात एकच कीर्तन चाललं होतं: टेबल विकत घ्यायचं की घरी बनवायचं? बाळा देव्हारे बनवायचा. मेव्हण्याने त्याला मस्कतहून राउटर आणून दिला होता, लाकडाच्या कडेला नक्षी काढणारं मशीन. चीज झकास, पण त्याचं पातं असं गरगर फिरतं की हातात धरून बारीक पट्टीवर चालवणं म्हणजे उधळलेला बैल शेपटीला धरून आवरणं. टेबल असलं की मशीन फळीखाली उलटं टांगायचं, भोकातून पातं वर काढायचं आणि पट्टी वरून सरकवत न्यायची. बोटं लांब राहतात. पण तयार टेबलाला दुकानदार म्हणाला, दिवाळीनंतर या. आणि बनवायचं तर सरळ फळी हवी. श्रावणातली हवा ती, जी फळी आणावी ती पापडासारखी वाकायची.

"आपल्या घरात एकच फळी वाकत नाही," शेवंती थट्टेने म्हणाली होती आणि तिने माळ्याकडे बोट दाखवलं होतं.

काय भडकला होता म्हातारा! "जिभेक हाड आसा काय तुझ्या? देवाचो पाट तो!" रात्री जेवलासुद्धा नाही.

मग बाळा म्हणाला, मरू दे ते टेबल, गणपतीच्या आधी देव्हारे पोचवायचेत, हातानेच उरकतो. आणि काल मशीन उसळलं. अंगठ्याचं नख मुळासकट गेलं. लोक बाळाला डॉक्टरकडे घेऊन धावले तेव्हा धाकू घरीच राहिला होता. रक्त पुसत, भुसा झाडत बसला होता. आज पट्टी बदलून येताना बाळाचं पुन्हा तेच, "उद्यापासून सुरू करतो गं. बाकीची चार बोटं आहेत ना!"

आणि घरी येऊन बघतो तर हे.

"डोकं फिरलंय का बाबा तुमचं?" बाळा ओरडला. आवाज चिरकला त्याचा. "मी मागितला होता का पाट? दिवाळीपर्यंत थांबलो असतो ना!"

"तू? तू थांबतलस?" धाकूने करवत खाली ठेवली. भोक धड गोल नव्हतं, एका अंगाला पार वाकडं गेलं होतं. जन्मभर गिरणीत माग चालवलेला माणूस तो, सुतारकाम त्याला कुठून येणार?

शेवंती रडायलाच लागली. "मी गमतीत बोलले हो, बाबानू. जीभ झडो माझी."

धाकूने सदऱ्याच्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि बाळासमोर उघडली. आत नख होतं.

"भुशात गावला माका," तो म्हणाला. "काल. झाडताना."

बाळा भिंतीला टेकून खालीच बसला.

"फळी गावत नाय म्हणत होतस ना? ही घे." धाकूने पाट त्याच्याकडे सरकवला, दोन्ही हातांनी. "भोक वाकडा झाला हा. तू सारखा कर."

बाळाला काही तो पाट हातात घेववेना. भोकातून खालची लादी दिसत होती, तिकडेच तो बघत राहिला.

"आणि गणपती?" शेवंतीने पदराने डोळे पुसत विचारलं. "तो कशावर बसवायचा आता?"

धाकूने लादीवरची चकती उचलली. फुंकर मारून भुसा उडवला, कपाळाला लावली, आणि तळहातावर ठेवून दोघांपुढे धरली.

"हेच्यार बसात," तो म्हणाला, "तेवढोच आणूया."