ओहोटीची वेळ

कबड्डी कॅम्पच्या फॉर्मची शेवटची तारीख सोमवार, आणि प्रियाच्या फॉर्मवर अजून पप्पांची सही नव्हती. पाच दिवस मुक्कामी कॅम्प म्हटल्यावर पप्पा भडकणार हे शंभर टक्के, म्हणून ती थेट आजीला शरण गेली. सुमित्राबाईंचं अर्धं आयुष्य सानपाड्याच्या खाडीत चिंबोऱ्या धरण्यात गेलेलं. "ओहोटी बघूनच उतरायचं गो बाय," त्या म्हणाल्या, "तुझ्या पप्पाचं पन तसंच हाय. मी सांगंन तवा जा."

आठवडाभर प्रिया फॉर्म घेऊन हॉलच्या दारापर्यंत यायची, आजी मुलाच्या भुवया निरखायची आणि हळूच मान हलवायची. "भरती हाय अजून."

रविवारी दुपारी मात्र खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण चापून पप्पा सोफ्यावर पसरले आणि चक्क गुणगुणायला लागले. आजीने डोळा मारला. "गेलं पानी खाली!" प्रिया सुसाट आत पळाली, अख्खं दप्तर उपसून तिने फॉर्म शोधला.

बाहेर येते तो काय, पप्पा उभे राहून गरजत होते, "गोवा? चार दिवस? नुसत्या बाया-बाया? आये, आधी सही करून घेतलीस आनि आता सांगतेस?"

सुमित्राबाई स्वतःच्या सहलीच्या, सही झालेल्या कागदाची घडी कमरेला खोचत प्रियाच्या कानाशी आल्या.



"आता नको गो बाय, पानी चढलं. सा तासांनी परत उतरंल."